पहिल्या गाईचं रक्त

ताप संध्याकाळी पाचच्या सुमाराला चढायचा. जनावरांच्या दवाखान्यातली शेवटची शेळी मालकाबरोबर बाहेर पडली की डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकायच्या आणि कमरेतून थंडी वर सरकू लागायची. खणात थर्मामीटर होता, पण तो गुरांचा. म्हणून कंपाउंडर नुसता त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायचा, "शंभर झाला, बाई. घरी जा."

"तू काय हात न लावता ताप बघतोस?"

"तीस वर्षं बैलांचे बघतोय. तेही कुठे सांगतात?"

चार महिने हे चाललं होतं. ताप यायचा, आठवडाभर मुक्काम ठोकायचा, मग एक दिवस निघून जायचा. सुटलो म्हणावं तर पंधरा दिवसांनी चिकट पाहुण्यासारखा पुन्हा दारात. पहाटे घाम असा फुटायचा की चादर पिळावी. यजमान शाळेत गणित शिकवायचे. ते उठायचे, चादर बदलायचे, आणि सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघून बाई ओशाळायच्या. गुडघे धरले होते, खुबे धरले होते. दवाखान्याच्या पायऱ्या पाचच, पण तिसरीवर थांबून त्या पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखं करायच्या.

सत्तावीस वर्षं त्यांनी अडलेली वासरं ओढली होती. बावन्नाव्या वर्षी शरीर कुरकुरणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तीन डॉक्टर झाले. पहिल्याने विषमज्वर म्हटलं, दुसऱ्याने संधिवात, तिसऱ्याने "या वयात बायकांना होतंच" असं म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. बाईंनी सगळ्या गोळ्या इमानेइतबारे घेतल्या. वजन सात किलो उतरलं. लोक म्हणाले, छान बारीक झालात.

चौथी डॉक्टर नवीनच बदलून आलेली पोरसवदा मुलगी होती. तिने आधीचे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"गुरांची डॉक्टर आहे."

मुलीचं पेन थांबलं. "दिवस भरायच्या आधीच गाभडलेल्या गाई बघता? वार हाताने काढता?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो हात खांद्यापर्यंत किती गाईंच्या पोटात गेला असेल याची मोजदाद नव्हती. लांब प्लास्टिकचे मोजे मिळायचे. पण ते फाटायचे, नाही फाटले तर त्यांतून गर्भाशयाला चिकटलेली वार नीट चाचपता यायची नाही. मग बाई ते काढून फेकायच्या आणि साबण लावून हात घालायच्या.

"देवा," त्या म्हणाल्या. एवढंच.

कारण पुढचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. गोपालकांच्या प्रत्येक बैठकीत त्या उभ्या राहून सांगायच्या: गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली, तर सावध व्हा. हा सांसर्गिक गर्भपात. ब्रुसेलोसिस. गाभडलेल्या वासराला, वारेला उघड्या हाताने शिवू नका. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. माणसाला झाला तर ताप येतो-जातो, घाम फुटतो, सांधे धरतात, गळून गेल्यासारखं होतं. पाढे म्हणावेत तसं म्हणून त्या खाली बसायच्या. आणि चार महिने तेच पाढे स्वतःच्या अंगावर उमटत होते तेव्हा त्यांना एक आकडा ओळखता आला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आठवड्याने रक्ताचा रिपोर्ट आला. तोच आजार. सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या, एकही दिवस न चुकवता. "लघवी लालसर होईल, घाबरू नका," मुलगी म्हणाली. "आणि आला कुठून ते शोधायला हवं. तुमच्याइतकं ते कोणाला कळणार?"

बाई दवाखान्यात परतल्या आणि नोंदवही काढली. कंपाउंडरने शेजारी स्टूल ओढलं. वर्षभरात गाभडलेल्या गाईंच्या नोंदी नऊ होत्या. सहांपुढे रक्ताचा नमुना पाठवल्याची खूण होती आणि सगळे नमुने निर्दोष आले होते. उरलेल्या तिन्ही नोंदी एकाच गोठ्यातल्या. पहिली सात महिन्यांपूर्वीची, बाईंच्याच अक्षरात: *तांबडी गाय, आठवा महिना, गाभडली. वार हाताने काढली. कारण: दुसऱ्या गाईने मारलं.* नमुन्याचा रकाना कोरा.

गोठा त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता.

बाईंना तो दिवस आठवला. ताई म्हणाली होती, "कबरीने शिंग मारलं गं तिला, मी बघितलं डोळ्यांनी." बाईंनी मान डोलावली. हात धुतले, ताईच्या स्वयंपाकघरात पाय लांब करून बसल्या, चहा प्यायल्या, दोघी आईच्या आठवणी काढून हसल्या. सुया बॅगेत होत्या. बॅग दारात होती. नंतर दुसरी गाय गाभडली तेव्हा ताईने उन्हाचं कारण सांगितलं, तिसरीच्या वेळी पेंडीचं. तिला खोटं बोलायचं नव्हतं. ती स्वतःचीच समजूत घालत होती. तिचं ऐकून घेणं बाईंना सोपं गेलं.

"बाई," कंपाउंडर हळूच म्हणाला, "तिथे शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवू या. बहिणीचा गोठा आहे. नात्यात कडवटपणा नको."

"बहिणीचा होता म्हणूनच तर रकाना कोरा राहिला," बाई म्हणाल्या. "चल, रक्ताच्या नळ्या पेटीत भर."

ताईच्या गोठ्यात तेवीस जनावरं होती. लांबट शेड, मधून सिमेंटची वाट, दोन्हीकडे गव्हाणी. ताईचा दिवस पहाटे साडेचारला इथे सुरू व्हायचा आणि संध्याकाळी सातला इथेच संपायचा. भावजी पूर्वी बरोबरीने राबायचे. दोन महिन्यांपासून कमरेला पट्टा बांधून ओट्यावर बसून असायचे. हाडांच्या डॉक्टरांनी मणका झिजला म्हणून सांगितलं होतं.

"या डॉक्टर," भावजी हसत म्हणाले. "माणसांचं औषध ठेवता का बॅगेत? तुमच्या ताईच्या दावणीला आता एक मी पण बांधलेला आहे. चारा खातो, दूध देत नाही."

एरवी बाई काहीतरी परतून बोलल्या असत्या. आज त्यांनी विचारलं, "भावजी, ताप येतो का संध्याकाळचा?"

"येतो थोडा. का हो?"

"धारोष्ण दूध पिणं चालू आहे अजून?"

"म्हणजे काय! लहानपणापासून. त्याच्याशिवाय अंगात बळ कुठून येणार?"

बाईंनी बॅग उघडली. ताईला त्यांनी सांगितलं की सगळ्या गाईंचं रक्त काढायचं आहे. ताई कामाची बाई; तिने प्रश्न न विचारता एकेक गाय धरली. मान वळवायची, शीर दाबायची, सुई, नळी, कानातला बिल्ल्याचा नंबर. पंधराव्या गाईनंतर बाई गव्हाणीला टेकल्या. कंपाउंडरने सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. "उरलेल्या मी बघतो. तुम्ही नंबर लिहा." त्या उपड्या बादलीवर बसून नंबर लिहीत राहिल्या.

निघताना भावजींना त्या म्हणाल्या, "उद्याच रक्त तपासून घ्या. मी चिठ्ठी देते. आणि आजपासून दूध उकळूनच. डेअरीलाही मी कळवलंय."

आता ताई चमकली. "डेअरीला? काय कळवलंस?"

"निकाल आल्यावर सांगते."

"छोटे, माझ्याकडे बघ. काय झालंय?"

पन्नाशी ओलांडली तरी ताई त्यांना छोटीच म्हणायची. बाईंनी सांगितलं. स्वतःच्या तापाचंही सांगितलं. ताई ऐकत होती आणि तिचा हात आपसूक शेजारच्या गाईच्या पाठीवरून फिरत होता. मग तो हात थांबला.

निकाल दहा दिवसांनी आले. तेवीसांपैकी नऊ गाई बाधित. भावजीही; त्यांच्या गोळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. नियम स्पष्ट होता: बाधित जनावरं वेगळी काढायची, विकायची नाहीत, कोणाला द्यायची नाहीत, सरकारी पथक येऊन त्यांना कायमचं झोपवणार. यादी घेऊन बाई ताईच्या स्वयंपाकघरात बसल्या. आज चहा झाला नाही.

ताईने यादी वाचली. गाई ओळखायला तिला बिल्ल्याचे नंबर लागत नव्हते, तरी प्रत्येक नंबराला ती मनात नाव देत असावी, कारण ओठ हलत होते. कबरीवर येऊन ती थांबली.

"हिने तर गेल्या महिन्यात वासरू दिलंय. चांगलं टुणटुणीत. ही कशी आजारी?"

"वरून दिसत नाही, ताई. काही गाभडतात, काही नीट वितात. पण रोग दुधातून, वारेतून बाहेर पडत राहतो."

"मग औषध दे. तू घेतेस ना गोळ्या? हे घेतायत ना?"

"गाईला त्याचा उपयोग होत नाही."

"म्हणजे आम्ही बरे व्हायचं आणि त्यांनी मरायचं."

बाहेर भावजी कण्हत कूस बदलत होते. ताईने कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला, पुन्हा केला.

"तांबडी पहिल्यांदा गाभडली तेव्हा का नाही काढलंस रक्त? तेव्हा एकच असेल. फार तर दोन."

बाईंनी वाटेत येताना तीन-चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही त्यांनी वापरलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तू शिंग मारल्याचं सांगितलंस आणि मी ऐकलं. दुसरं कोणी असतं तर ऐकलं नसतं. मी दमले होते, मला तुझ्याकडे नुसतं बसायचं होतं. चूक माझी आहे."

"माझ्यावर ढकलू नकोस."

"नाही ढकलत. डॉक्टर मी आहे, तू नाहीस."

ताईने यादीची घडी घातली. मग म्हणाली, "जा आता. पथकाला तारीख विचारून कळव." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पथक एका मंगळवारी सकाळी आलं. दोन डॉक्टर, चार मजूर, खड्डा खणायचं यंत्र, चुन्याच्या गोण्या. बाईंना जवळ जायची परवानगी नव्हती. आजारी माणूस आणि वर नातेवाईक. त्या कुंपणाच्या अलीकडे उभ्या राहिल्या. मजूर पहिल्या गाईला ओढायला लागले तशी ती पुढचे पाय रोवून हंबरली. मागच्या सगळ्या हंबरल्या. दोघांनी शेपूट पिळलं.

"सोडा," ताई ओरडली. "सोडा तिला! असं नाही चालत ती."

तिने दावं हातात घेतलं. एकदा जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि पुढे चालायला लागली. गाय मुकाट तिच्यामागे गेली. ताईने एकेक करून नऊही गाई खड्ड्याशी नेल्या. प्रत्येक वेळी गाईची मान स्वतःच्या काखेत धरून उभी राहिली, सुई टोचून होईपर्यंत. मग रिकामं दावं घेऊन परत. पाचव्या गाईनंतर पथकातला तरुण डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा थोडं." ती बसली नाही. सगळं झाल्यावर नळाखाली दावी धुवायला लागली आणि मग आपण हे काय करतोय हे लक्षात आल्यासारखी थांबली. दावीही जाळायची होती.

बाईंनी कुंपणावरून हाक मारली. ताईने वर बघितलं नाही.

गोळ्यांचे सहा आठवडे संपले. ताप गेला, पण थकवा लगेच गेला नाही. दुपारी दोनला डोळे मिटायचे, बोलता बोलता शब्द हरवायचे. भावजींना तीन महिने लागले. कमरेचा पट्टा सुटला, पण बादली उचलणं बंद झालं. ही बातमी बाईंना त्यांच्याकडूनच फोनवर कळायची. ताई फोनवर येत नव्हती. बैठकींत बाई आता पाढे म्हणत नव्हत्या. उभ्या राहून म्हणायच्या, "मला झाला होता. माझ्या चुकीने माझ्या बहिणीच्या नऊ गाई गेल्या." लोक खाली बघायचे. पण त्यानंतर गाय गाभडली की दवाखान्यात फोन यायला लागले. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही.

उरलेल्या चौदा गाईंची दुसरी तपासणी साफ आली. तिसरीसाठी बाई कंपाउंडरला घेऊन गेल्या तेव्हा शेडचा अर्धा भाग रिकामा होता, धुऊन पांढरा केलेला. ताईने पूर्वीसारखीच एकेक गाय धरली. नंबरांपलीकडे दोघी काही बोलल्या नाहीत. शेवटची नळी पेटीत गेली आणि बाई उठायला गेल्या, तर पाय उचलेनात. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

ताईने बघितलं. "अजून येतो ताप?"

"ताप नाही. नुसती दमते."

"यांचंही तसंच आहे." ताईने हात फडक्याला पुसले. "आत जाऊन पड थोडी. खाटेवर वाळलेले कपडे आहेत, ते बाजूला सार."

"गाडी थांबलीय."

"थांबू दे. तुझा कंपाउंडर जेवेल इथे."

बाई आत गेल्या. कपडे बाजूला सारायचंही बळ नव्हतं. त्यांच्यावरच आडव्या झाल्या. बाहेर ताई कंपाउंडरला सांगत होती की बादल्या जरा हळू आपट. मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि खोलीत अंधार झाला.