पायाचा शब्द

अकोल्याहून आलेला गोरा साहेब मान तिरपी करून भिंतीकडे बघत होता. अनसिंगच्या वाटेवरचा सरकारी बंगला पुरा होत आला आणि मागची भिंत बाहेर झुकली.

जानराव गवंडी हात बांधून उभा होता. शेजारी मुकादम बबनराव, त्याचा लहानपणचा दोस्त. दोघे एकाच मळ्यात वांगी तोडत मोठे झाले. बबन चार इयत्ता इंग्रजी शिकला. "तुले मिस्त्री करतो लेका," म्हणत त्यानेच जानरावला शब्द शिकवले होते. माणूस ताठ उभा तर 'अपराइट', नकाशातली उभी रेघ 'व्हर्टिकल' आणि ओळंब्याची दोरी सोडून नीट उचललेली भिंत 'प्लंब'. साहेबाच्या भाषेत नुसतं उभं असण्याला इतके शब्द, याची जानरावला मोठी गंमत वाटायची. वीट ठेवताना तो स्वतःशीच पुटपुटायचा, "पलंब."

पाया खोदताना तो म्हणाला होता, "बबन्या, काळी माती हाये. मुरूम लागेपर्यंत खोदू."

"साहेब यायच्या आंधी भिंत दिसली पायजे," म्हणून बबनने खोदाई थांबवली होती.

आता साहेबाने काहीतरी विचारले. बबन वळला. "जानराव, साहेब पुसते, हे काम कुठं शिकला?"

"बापाच्या हाताखाली."

बबनने साहेबाला लांबलचक सांगितले. त्यातले दोनच शब्द जानरावला कळले: 'नॉट प्लंब.'

जानरावने तर फक्त बापाचे नाव घेतले होते. भिंतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बबनचे बोट मात्र त्याच्याकडे होते.

"पलंब!" जानराव पुढे सरला. "साहेब, भिंत पलंब!"

भिंत सरळच उचलली होती, खचला तो पाया, हे सांगायला पुढचा शब्द सापडेना. मग ध्यानात आले, तो त्याला कुणी शिकवलाच नव्हता. उभ्या गोष्टींचे सगळे शब्द बबनने दिले होते, पायाचा दिला नव्हता. तो खाली वाकला आणि हाताने काळी माती उकरून दाखवू लागला. साहेबाला वाटले, हा पाया पडतो आहे. तो संकोचून मागे सरला. बबनने साहेबाला पुढच्या खोलीकडे नेले.

जानरावचे काम त्याच दिवशी सुटले.

आठवड्याने बबन घरी आला. "मनाले लावून घेऊ नको. यंदा पोरीचं लगन हाये. माही नोकरी गेली असती तं मी काय केलं असतं? तुह्या हातात कसब हाये, कुठंबी काम भेटन."

"कोन देईन?" गोजराबाई उसळली. "वाकडी भिंत बांधनारा म्हून गाव हासून राह्यलं याले!"

जानरावने हातानेच बायकोला थांबवले. तो उठला, खुंटीवरची सतरंजी काढून झटकली आणि बैठकीत अंथरली.

"बसा, बबनराव," तो म्हणाला. "उनातून आले तुमी. पानी घ्या."

आजवर बबन या घरात सरळ चुलीपाशी जाऊन भाकर मागायचा. तो सतरंजीच्या कडेला पाहुण्यासारखा टेकला. तांब्या त्याने हातात घेतला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.