सात अठराची गाडी, बाहेरून

फुसाए कुरामोचीला आगगाड्यांचं वेड लागलं ते पाचव्या वर्षी, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते काही उतरलं नव्हतं. माशांच्या वड्या बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता. ही गरीब गाय रोज जेवणाच्या डब्याखाली कॅमेरा लपवून आणते, फलाटावर आणि खिडकीतून दिसेल त्या गाडीचा फोटो काढते, आणि घरी अशा फोटोंनी दोन कपाटं भरली आहेत, हे सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

एकाच गाडीचा धड फोटो तिच्याकडे नव्हता. तिच्या स्वतःच्या! सात अठराची दोन डब्यांची लाल गाडी तोमोरी नदीच्या पुलावरून जाताना कशी दिसते, हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण एकतीस वर्षं ती त्या गाडीच्या आत बसलेली होती. आणि रविवारपासून नवं वेळापत्रक लागून लाल गाड्या मोडीत निघणार होत्या.

म्हणून गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज साहेबांपुढे ठेवला.

"बरं नाहीये का?" ओनुकीसाहेबांनी विचारलं.

"ठणठणीत आहे."

"मग? एकतीस वर्षांत तुम्ही खाजगी कारणासाठी कधी रजा मागितली नाहीत, कुरामोचीसान. लग्नबिग्न ठरलं की काय?"

"तसंच समजा," फुसाए म्हणाली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

शुक्रवारी सकाळी सातलाच ती नदीकाठच्या बांधावर हजर. दुसरं कुणी नव्हतं. हौशी मंडळी शिड्या घेऊन शेवटच्या दिवशी, शनिवारी येणार होती, आणि तीही पलीकडच्या काठावर. अलीकडून त्या वेळी पुलावर डोंगराची सावली असते. गाडी पूल ओलांडून गेली की मग ऊन येतं; फुसाएला हे पक्कं माहीत होतं, कारण रोज पुढच्या वळणावर ते तिच्या मांडीवर पडायचं. तिला सावलीतला फोटोही चालणार होता. फक्त तो हुकता कामा नये.

सात बावीस. गाडी पुलावर यायची वेळ. पुलावर चिटपाखरू नाही.

फुसाएने घड्याळ कानाला लावलं. टिकटिक चालू होती. या मार्गावर गाडीला उशीर? एक वेळ नदी उलटी वाहील! बिघाड झाला असेल का? गाडी रद्दच केली नसेल ना? आणि उद्या... उद्या त्या गर्दीत तिच्यासारख्या बुटक्या बाईला काय दिसणार कपाळ!

सात तेवीस. डोंगराच्या खांद्यावरून ऊन निसटलं आणि अख्खा पूल सोन्यासारखा लखलखला. आणि त्याच क्षणी, धडधडत, लालभडक, ती आली!

"आली गं बाई!" फुसाए एकटीच ओरडली आणि बटण दाबत सुटली.

गाडी गेल्यावर तिने फोटो पाहिला. उन्हात न्हालेली गाडी. नियमाप्रमाणे सिग्नलकडे बोट दाखवणारा, पांढऱ्या हातमोज्यातला ड्रायव्हर नुकुई. आणि पहिल्या डब्यातली तिसरी खिडकी. माणसं दाटीवाटीने उभी होती, पण त्या खिडकीपाशी कुणीच बसलं नव्हतं. तिची जागा. ज्यांच्याशी ती आजवर चार शब्दही बोलली नव्हती, त्यांनी ती रिकामी ठेवली होती. फुसाए बांधावर मटकन बसली आणि मनसोक्त रडली.

सात बावन्नच्या गाडीसाठी ती स्टेशनावर आली, तर उबुकाता मास्तर धावतच पुढे आले.

"अहो, कुठे होतात? जिवाला घोर लावलात! मी तुमच्या घरी फोन करणार होतो."

"मास्तर, सात अठराला उशीर का झाला?"

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्ही दिसला नाहीत. मी शिट्टी तोंडाला लावली, तर नुकुई म्हणतो, 'थांबा हो, कुरामोचीसान यायच्यात अजून.' मलाही वाटलं, जिना चढत असाल. आयुष्यात पहिल्यांदा गाडी धरून ठेवली मी. पूर्ण एक मिनिट! वर कळवलंय. आता खरडपट्टी निघेल ती निघेल."

फुसाएने कमरेत वाकून माफी मागितली आणि मग कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. मास्तर पाहतच राहिले.

"ऊन कसं काय? त्या वेळी तिथे ऊन नसतं."

"सात तेवीसला असतं."

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले.

"उशिराचा दाखला द्या मला," फुसाए म्हणाली. "गाडी लेट झाली की साहेबांना दाखवायला देता ना, तो."

"तुम्हाला कशाला? तुम्ही त्या गाडीत नव्हतातच!"

"म्हणूनच तर उशीर झाला ना!"

मास्तर खो खो हसले. टेबलाच्या खणाच्या तळाशी पिवळं पडलेलं, एकही पान न फाटलेलं दाखल्यांचं पुस्तक सापडलं. त्यावरची धूळ फुंकून त्यांनी 'एक मिनिट' असं लिहिलं, शिक्का मारला, आणि पहिला दाखला दोन्ही हातांनी तिच्या हाती दिला.