माझ्यावर कुणी बसेना

मी खुर्ची बोलतेय. कान टवकारू नका, जिच्यासाठी माणसं रातोरात पक्ष बदलतात ती मी नव्हे. मी आपली साधी, लाल प्लास्टिकची. चार पाय, त्यातला एक तारेनं बांधलेला. माणसांचं ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय म्हणून तोंड उघडलं. डोकं आणि तोंड मला नाही हे मला ठाऊक आहे, पण माणसांत राहिलं की बोलण्याच्या असल्या खोडी लागतात.

माझा जन्म साच्यातला. वितळलेलं प्लास्टिक आत दाबलं, गार केलं आणि हिसका मारून मला बाहेर काढलं. मग मी आणि माझ्या बहिणी एकमेकींच्या मांडीवर बसून टेम्पोतून निघालो. एका बंद गल्लीनं वर्गणी काढून आम्हाला विकत घेतलं. बहिणी एकेक करून गेल्या. कुणी उन्हानं तडकली, कुणी पंखा पुसणाऱ्याच्या पायाखाली गेली, एक तर समारंभाला म्हणून नेली ती परत आलीच नाही. शेवटी गल्लीच्या वाट्याला मी एकटी उरले.

त्या गल्लीत एक रिवाज होता. मला परत कुणी आणून द्यायचं नाही. ज्याच्याकडे काम संपलं त्याच्या दारात मी उभी, आणि पुढच्याला गरज पडली की त्यानं यायचं आणि मला उचलून न्यायचं. पाहुणे आले की मी, केस कापायचे की मी, बाळंतीण उन्हात बसायची की मी, आणि कुणी गेलं की रडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाखालीही मीच. सगळ्यांची वजनं मला पाठ होती. गल्लीचे अध्यक्ष तर माझ्यावर बसल्याशिवाय बैठक सुरूच करायचे नाहीत. त्यांना अध्यक्ष कुणी केलं होतं हे मला आजवर कळलेलं नाही.

मग इस्त्रीवाली आजारी पडली.

ती गल्लीच्या तोंडाशी राहायची. दारातच टेबल, त्यावर जुनी घोंगडी आणि इस्त्री. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या हाताखालून जायचे. नवरा टेम्पो चालवायचा, पहाटे गेला की दिवे लागल्यावर परत. तिला आधी एकदा टीबी होऊन गेला होता. आता तो पुन्हा आला, आणि या वेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद देईना. तिला गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशीच जायला जमायचं. महिन्याभरानं ती घरी आली तेव्हा नवऱ्यानं तिला रिक्षातून अक्षरशः उचलून उतरवलं, धावत जाऊन मला आणलं आणि दाराबाहेर मोकळ्या हवेत माझ्यावर बसवलं. कधीकाळी ही बाई बसली की माझे पाय करकरायचे. त्या दिवशी कुणी बसलंय हेच मला पटेना.

आणि तिथून माझं नशीब फिरलं. मला न्यायला कुणी येईना.

समोरच्या घरी मुलीला बघायला पाहुणे आले, त्यांना पलंगाच्या कडेवर बसवलं. न्हावी आला, त्यानं गिऱ्हाईक उलट्या बादलीवर बसवलं. गल्लीची बैठक भरली तर अध्यक्ष चक्क सिमेंटच्या गोणीवर बसले आणि उठताना पँट मागून पांढरी झाली. कुणीतरी म्हणालं, "खुर्ची आणू का?" तर अध्यक्ष कसे हसले. "राहू दे त्यांच्याकडे. वहिनींना गरज आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. काय ते औदार्य. भीती वाटते म्हणून सरळ सांगायचं होतं, मी ऐकून घेतलं असतं. पण घाबरायचं आणि वर दानशूर म्हणवून घ्यायचं, याचा मला संताप येतो. कपड्यांची बोचकी तर आधीच यायची बंद झाली होती.

दवाखान्यातली नर्सताई येऊन कानीकपाळी ओरडून सांगायची, की हा आजार श्वासातून, खोकल्यातून पसरतो, खुर्चीतून नाही, कपड्यातून नाही. औषध लागू पडलं की पसरायचाही थांबतो. मोकळ्यात बसा, तिच्या तोंडाला मास्क असू दे, झालं. लोक "हो ताई, बरोबर ताई" म्हणायचे, आणि ताई वळली की माझ्यापासून चार हात लांबून जायचे. एकीनं तर माझ्यावर लांबूनच फिनेल ओतलं. माझा रंग तिथं उडाला तो उडालाच.

आता प्रश्न पुढच्या औषधाचा होता. गोळ्या बरेच महिने घ्यायच्या होत्या, रोज, एकही न चुकवता. मध्येच खंड पडला तर आजार आणखी निबर होतो आणि मग कुठलंच औषध चालत नाही. म्हणून रोज सकाळी कुणीतरी समोर बसून गोळ्या गिळताना बघायचं. दोन वाटा होत्या. एक तर परत इस्पितळ. नाहीतर घरी राहायचं, पण गल्लीतलं एक माणूस रोज येऊन बसेल तरच.

डॉक्टर आले, ताई आली, अध्यक्ष आपणहून आले. इस्त्रीवाली माझ्यावर बसलेली आणि तिच्या डोक्यावरून सगळ्यांची चर्चा. नवरा म्हणाला, "मी दिवसभर बाहेर. तिथंच ठेवा." अध्यक्ष म्हणाले, "तिथं सोय चांगली, वहिनींना आराम." डॉक्टर म्हणाले, "घरच्यांचं मत महत्त्वाचं." अहो, आणि जिनं त्या मूठभर गोळ्या गिळायच्या तिचं? भाजी घेताना माणसं दहा वेळा विचारतात, हवी का, किती, कोवळी का जून. आणि इथं एका जित्याजागत्या बाईला कुठं राहायचं हे विचारायचं कुणाला सुचू नये? मला आवाज असता तर मी तिथंच ओरडले असते.

शेवटी ताईच तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुम्हाला काय हवंय?"

इस्त्रीवालीनं आधी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारलंय का म्हणून. विचारलं जाण्याची सवयच मोडली होती तिची. मग म्हणाली, "मला घरी राहायचंय. तिथं सगळे चांगले आहेत, उपचार चांगला आहे. पण तिथं मी दिवसभर भिंतीकडे बघते. इथं निदान गल्लीची कटकट तरी ऐकू येते. तिथं मला जेवण जात नाही, ताई. मी आजारानं नाही, तिथंच संपेन."

 नवऱ्याला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

"मग रोज बसणार कोण?" डॉक्टरांनी विचारलं. त्यावर अध्यक्षांनी छाती पुढे काढली. "मी आहे ना." दारांतून बघणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे महाशय पहिल्या दिवशी आले. माझ्यावर बसले? छे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, नाकाला रुमाल, डोळे मोबाइलमध्ये. "घेतल्या का वहिनी? छान." दुसऱ्या दिवशी तिनं एक गोळी तळहातातच ठेवली. मुद्दाम नाही, मळमळ इतकी होती की घशाखाली उतरेना, आणि सांगायचं कुणाला, पलीकडच्या रुमालाला? अध्यक्ष "छान" म्हणून गेले. गोळी माझ्या पायाशी पडली. पुढे तर ते फिरकलेच नाहीत.

ती गोळी ताईला माझ्याखाली सापडली. ती चिडली नाही, पण तिचा चेहरा उतरला. "असं पुन्हा झालं तर मला तुम्हाला परत न्यावंच लागेल. माझ्याही हातात राहणार नाही. दुसरं कुणी आहे का? तुम्हाला चालेल असं?"

इस्त्रीवाली म्हणाली, "तोफेला विचारा."

ताईला कळेना. नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. तोफ म्हणजे भिंतीकडच्या शेवटच्या घरातल्या काकू. त्यांनी तोंड उघडलं की कावळे उडायचे म्हणून ते नाव. त्यांचं आणि इस्त्रीवालीचं कित्येक वर्षांचं वाकडं होतं. इस्त्रीवालीनं एकदा त्यांच्या लेकाच्या नव्या शर्टाची कॉलर जाळली होती. लेक त्याच शर्टात नोकरीच्या मुलाखतीला जाणार होता. नोकरी दुसऱ्याला मिळाली आणि दोष कॉलरला. तेव्हापासून काकू रोज दारावरून जाताना एक टोमणा टाकून जायच्या, पाऊस असो, ताप असो.

"अगं, तीच का?" नवरा म्हणाला. "तिला तू डोळ्यासमोर नको असतेस."

"म्हणूनच," इस्त्रीवाली म्हणाली. "दया आलेली माणसं दोन दिवस येतात. काकूंनी एवढ्या वर्षांत एक दिवस टोमणा चुकवलेला नाही. त्या मला सोडणार नाहीत."

ताई गेली विचारायला. तोफेचा आवाज गल्लीभर आला. "मी? तिच्या दारात? कॉलर जाळली तिनं माझ्या पोराची." मी म्हटलं, झालं, आता रिक्षा येणार आणि हिला नेणार, आणि मी इथं फिनेलचा वास घेत उभी राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवाली पायरीवर बसली होती. काकू आल्या, मला खसकन ओढलं आणि धप्पकन बसल्या. किती दिवसांनी माझ्यावर धडधाकट वजन आलं. माझा मागचा पाय कुरकुरला, पण मी तक्रार केली नाही.

"बघतेस काय? गीळ."

"पाणी तरी पिऊ द्या."

"पी की. पाणी प्यायला मुहूर्त लागतो का? आणि तोंड उघडून दाखव. मी काही अध्यक्ष नाही."

असं सुरू झालं. काकू रोज यायच्या, आल्या की आधी कॉलरचा विषय काढायच्या आणि मग गोळ्या. गल्ली दारांच्या फटीतून बघायची. गोळ्यांनी तिची कातडी काळवंडली, पायांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या, रात्र रात्र झोप नसायची. काकू ते सगळं ताईला सांगायच्या, भांडल्यासारखं. "तिचे पाय जळतात. काहीतरी करा, नाहीतर मी दवाखान्यात येऊन बसेन." त्या खरंच येऊन बसतील ही भीती ताईला असावी, कारण डॉक्टरांनी लगेच तपासून औषध बदलून दिलं.

एक दिवस मात्र इस्त्रीवाली हटून बसली. सकाळपासून उलट्या झाल्या होत्या. "आज नाही, काकू. पाया पडते. मला नको हे. नेऊ दे मला, मरू दे तिथं."

मला वाटलं तोफ उडणार. पण काकू फक्त माझ्यावर सरकून नीट बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. तू नको घेऊस. मी इथून उठत नाही." आणि खरंच उठल्या नाहीत. सकाळ गेली, ऊन माझ्या पाठीवर आलं. काकूंची स्वतःची चूल पेटली नव्हती. उन्हानं आणि वजनानं माझा मागचा पाय कडकन तडकला, काकू एका बाजूला कलंडल्या आणि जमिनीवर जाऊन बसल्या. इस्त्रीवालीला हसू आवरेना. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडू. काकूंनी जमिनीवरूनच हात पुढे केला, त्यात गोळ्या.

"माझी कंबर गेली. आता तरी गीळ."

तिनं गिळल्या. संध्याकाळी नवऱ्यानं माझ्या पायाला तार गुंडाळली. मला वाटलं होतं आता भंगारात. पण काकू म्हणाल्या, "हीच ठेवा, मला हिची सवय झालीय." इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं.

महिने गेले. तिच्या थुंकीच्या तपासण्या एकामागून एक स्वच्छ आल्या, मास्क निघाला, अंगावर मांस आलं. शेवटची गोळी झाली तेव्हा डॉक्टर गल्लीत आले. आणि बघा माणसाची जात, अध्यक्ष पुढे आले, मला ओढलं, ऐटीत बसले आणि "आपल्या गल्लीनं करून दाखवलं" म्हणून भाषण सुरू केलं. मी मनात म्हटलं, तार सोडू का? पण काकूच म्हणाल्या, "उठा. ती उभी आहे दिसत नाही?" अध्यक्ष उठले.

इतकं सगळं होऊनही मला न्यायला कुणी येईना. कपडेही येईनात. तपासणीचा कागद सगळ्यांनी वाचला, पेढे असल्यासारखं अभिनंदन वाटलं, आणि कपडे न्यायचे ते दोन गल्ल्या सोडून दुसरीकडेच. इस्त्रीवाली रोज टेबल पुसायची, इस्त्री तापवायची आणि पुन्हा बंद करायची. बरं करायला औषध आहे, पण या लोकांना काय द्यायचं ते मला सांगा. तुम्हीही कुणाच्या घरी असं आजारपण आलं की लांबून दानधर्म करू नका. जवळ जा, बसा, आणि त्या माणसाला विचारा, तुला काय हवंय. खुर्चीला कळतं ते तुम्हाला कळायला काय हरकत आहे?

काल सकाळी काकू आल्या. गोळ्या संपल्या होत्या, यायचं कारण नव्हतं. काखेत हे एवढं मोठं बोचकं. ते त्यांनी टेबलावर आपटलं. सगळ्यात वर लेकाचा पांढरा शर्ट.

"त्याला उद्या मुलाखत आहे," काकू म्हणाल्या. "कॉलर सांभाळ."

इस्त्रीवालीनं शर्टाची कॉलर हातानं सरळ केली. तोवर काकूंनी मला उचलून खांद्यावर घेतलं.

"खुर्ची कुठं नेताय?"

"रिवाज आहे. ज्याला गरज त्यानं न्यायची. माझ्याकडे पाहुणा यायचाय."

"कोण?"

"तू. कपडे झाले की घेऊन ये, आणि चहा घेऊनच जायचं."

भर गल्लीतून, सगळ्यांच्या दारांवरून, काकू मला घेऊन निघाल्या. आता मी भिंतीकडच्या घरात उभी आहे. काकूंनी मला ओल्या फडक्यानं पुसलंय. बाहेर पावलं वाजतायत, आणि ती येऊन बसेल तेव्हा माझा पाय नक्की करकरेल.