हजारी सोळा

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. माझी थोरली बहीण जन्माची वही आणि मी मृत्यूची. त्यातही फक्त पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूची. आम्ही दोघी कचेरीच्या एकाच कपाटात, एकाच फळीवर राहतो. तिच्याकडे माणसं हसत येतात आणि कारकुनाला चहा पाजून जातात. माझ्याकडे आलेला माणूस टेबलापाशी उभा राहतो, 'बसा' म्हटलं तरी बसत नाही. एकवीस वर्षांत मला हसऱ्या चेहऱ्याने उघडणारा एकच माणूस भेटला. त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका छापखान्याच्या मागच्या खोलीत झाला. पुस्तकबांधणी करणाऱ्या बाईने माझी पानं दुहेरी दोऱ्याने शिवली आणि जाड पुठ्ठ्यावर काळं कापड चढवलं. पानांवर सहा रकाने होते: तारीख, नाव, आईबाप, पत्ता, वय, कारण. ते वाचून ती शेजारणीला म्हणाली, "ही वही कधी भरू नये गं बाई." तिची इच्छा मनापासूनची होती. ती कशी पुरी झाली, ते ऐकून तुम्हाला हसावं की रडावं ते कळणार नाही.

कचेरीत मी ज्यांच्या हाती पडले, ते कारकून तेव्हा ऐन तिशीत होते. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव मात्र तिरसट. पण एक गोष्ट ते कटाक्षाने पाळत. पुष्कळ बाळं नाव ठेवायच्या आतच जायची. कुणी चार तासांचं, कुणी दोन दिवसांचं. अशा वेळी शेजारच्या टेबलावरचे लोक म्हणत, "अहो, नावाच्या रकान्यात आडवी रेघ मारा आणि मोकळे व्हा." कारकून ऐकत नसत. ते दर वेळी पूर्ण लिहीत, 'नाव ठेवले नव्हते'. एखाद्या महिन्यात एकाच पानावर सात-सात वेळा लिहावं लागे, तरी त्यांनी कधी रेघ मारली नाही.

आता थोडं गणित सांगते. कंटाळू नका, माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं आहे. वर्षभरात जन्मलेली मुलं बहिणीच्या पानांवरून मोजायची. त्यांतली किती पहिल्या वाढदिवसाच्या आत गेली, ते माझ्या पानांवरून मोजायचं. मग हजार जन्मांमागे किती मृत्यू पडले ते काढायचं. म्हणजे या वर्षाची तुलना वीस वर्षांपूर्वीच्या वर्षाशी करता येते. माझ्या पहिल्या वर्षी पाचशे मुलं जन्मली आणि अठ्ठेचाळीस गेली. म्हणजे हजारी शहाण्णव. पुढे नळाला स्वच्छ पाणी आलं आणि लसी आल्या. मग दवाखान्यात सिस्टर आल्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी त्यांनी भांडून भांडून एक उबेची खोली उघडायला लावली. दोन पाळणे, वर दिवे, बस. अठरा वर्षांत माझा आकडा निम्म्यावर आला, हजारी अठ्ठेचाळीस. ती घट खरी होती. माझी कोरी राहिलेली पानं तेव्हा जिवंत मुलांमुळे कोरी होती, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसावर राग काढणं सोपं असतं. ते टापटिपीचे भोक्ते होते. वरच्या कचेरीने त्यांचा पहिलाच तक्ता परत पाठवला आणि शेरा मारला, 'नावाचा रकाना अपूर्ण'. साहेबांना ते फार लागलं. त्यांनी फर्मान काढलं, की आधी जन्माची नोंद नावासकट करायची, मगच मृत्यूची. नाव नसेल तर अर्ज परत. एकवीस दिवसांत आला नाही, तर विषय संपला.

"साहेब, गेलेल्या बाळाचं नाव ठेवायला कोण येणार?" कारकुनांनी विचारलं.

"ज्याला नोंद हवी तो येईल. तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता?"

कारकुनांची निवृत्ती पाच वर्षांवर आली होती. त्यांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्याच महिन्यात एक शिंपीण आली. बाजारात तिचं शिवणयंत्र होतं. ओली बाळंतीण, धड उभंही राहवत नव्हतं. तिने दवाखान्याची चिठ्ठी पुढे केली.

"नाव?" कारकुनांनी मान वर न करता विचारलं.

"दोन दिवसांची होती हो भाऊ. वेळेआधीच झाली. नाव कधी ठेवणार?"

"नावाशिवाय लिहिता येत नाही आता, ताई. घरी विचारून या."

"अहो, विचारायचं कुणाला? तिला?"

तिने चिठ्ठीची घडी घातली आणि ती गेली. परत आली नाही. तिच्यासारखे कितीतरी जण असेच आले आणि असेच गेले. मी मात्र दिवसेंदिवस स्वच्छ, नीटनेटकी, कोरी करकरीत होत गेले.

आणि माझं कौतुक सुरू झालं! वर्षाला पाचशे जन्म आणि आठ मृत्यू, म्हणजे हजारी सोळा. साहेबांनी मला स्वतः कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि हसत हसत पाहुण्यांना दाखवलं. "शहाण्णववरून सोळा! आहे की नाही कमाल?" माझे फोटो काढले. ज्या पानांवर रडायला हवं होतं, त्या पानांवर बोट ठेवून लोक हसत होते.

तिसऱ्या वर्षी संख्याशास्त्र शिकलेली एक मुलगी जुन्या-नव्या वर्षांची तुलना करायला आली. सगळे तिला आकडेवाली म्हणत. ती आठ दिवस माझ्यासमोर बसली. इतर लोक एकूण बेरीज बघत, ती वयाचा रकाना बघत होती. शेवटी तिने कारकुनांना विचारलं, "काका, पूर्वी गेलेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्याच आठवड्यात जायची. गेल्या तीन वर्षांत पहिल्या आठवड्यात एकही नाही. तिसऱ्या महिन्यात आहेत, आठव्या महिन्यात आहेत, पण पहिल्या दिवशी कुणीच नाही. असं कुठे होतं का हो?"

कारकुनांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सिस्टरांकडे जा. त्यांची डायरी बघा."

सिस्टरांच्या डायरीत माझ्यात नसलेली एक्केचाळीस बाळं निघाली. तीन वर्षांत माझ्या पानांवर चोवीस होती, खरी पासष्ट. त्या एक्केचाळिसांचे जन्मही बहिणीकडे नव्हते. म्हणजे ती जन्मलीही नव्हती आणि गेलीही नव्हती. आकडेवालीने हिशेब पुन्हा मांडला तर हजारी बेचाळीस आले. सोळा हा आकडा निव्वळ बंद दरवाजाचा होता.

यादी घेऊन ती साहेबांकडे गेली. सोबत सिस्टर होत्या आणि ती शिंपीणही होती. तिला पुन्हा सातवा महिना लागला होता. हजारी वीसच्या खाली गेलेल्या गावाला उबेची खोली लागत नाही, असा नियम होता, आणि त्या नियमाने खोली महिनाअखेर बंद होणार होती.

"माझं पहिलं वेळेआधी झालं," शिंपीण म्हणाली. "हेही तसंच झालं तर मी कुठे जाऊ? साहेब, माझ्या मुलीची नोंद करा. एकेक धरून आकडा वाढेल, खोली राहील."

साहेबांनी यादी नीट वाचली. त्यांचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पण ते म्हणाले, "एकवीस दिवस कधीच उलटून गेलेत. डायरी म्हणजे काही सरकारी कागद नव्हे. आणि तक्ता वर गेलाय, बाई. मी आता काय करू?"

"खरं लिहा," सिस्टर म्हणाल्या.

"खरं तेच लिहिलंय. वहीत आहे तेवढंच लिहिलंय."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! पण वहीला जे लिहून देतात तेवढंच बोलता येतं. लिहिलेला खोटा शब्द खोडता तरी येतो. माझ्यात एकही खोटा शब्द नव्हता, म्हणून मला कुणी खोटं ठरवू शकलं नाही. खोली बंद झाली. पाळणे गोदामात गेले. साहेबांच्या खुर्चीमागे गौरवाची ढाल लागली.

दीड महिन्याने, भर दुपारी, शिंपीण आणि तिचा नवरा आले. तिच्या हातात दवाखान्याची चिठ्ठी होती. बाळ पुन्हा वेळेआधी झालं होतं. मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर, गाडीतच गेलं होतं. ऊब मिळाली असती तर जगलं असतं, असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

कारकून उठून उभे राहिले. "ताई, बसा," ते कसंबसं म्हणाले.

ती बसली नाही. "ह्या वेळी नाव आणलंय, भाऊ," ती म्हणाली. "पोटात होतं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. मुलगा झाला तर एक, मुलगी झाली तर एक. म्हटलं, गेलंच, तर निदान लिहून तरी घेतील."

तिने नाव सांगितलं. आधी बहिणीत लिहिलं गेलं, मग माझ्यात. वय: एक दिवस. कारकुनांचं मोत्यासारखं अक्षर त्या ओळीत पार वाकडं आलं आहे. नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ते ज्यांनी ठेवलं त्यांचं आहे.

माझ्यासारख्या जुन्या वह्या शेवटी सांगतात, आम्हाला जपा, वाळवी लागू देऊ नका. मी तसं सांगणार नाही. वाळवी लागली तरी चालेल. उद्या तुमच्यापैकी कुणी कारकून होईल, कुणी साहेब होईल, कुणी आकडे मांडायला बसेल. कमी झालेला आकडा पाहून टाळ्या वाजवण्याआधी दारात जाऊन बघा, की कुणाला परत पाठवलंय का. आणि आई उभी असेल, तर आधी लिहून घ्या. कुठल्याही बाईला आपल्या पोटातल्या बाळाचं नाव माझ्यासाठी ठरवावं लागू नये.