नांगर न लागलेली माती

सुनीतीच्या माहेरची एक रीत होती आणि ती तिने लग्नातल्या भांड्यांपेक्षा जास्त जपली होती. घटाची माती नांगर न लागलेली हवी. वावरातली चालत नाही, कुंडीतली तर बोलूच नका. आता गुढ़ियारीच्या दाट वस्तीत, जिथे दोन घरांच्या मधून मांजराला अंग चोरून जावं लागतं, तिथे अशी माती कुठून यायची? म्हणून दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर तिच्या नवऱ्याला, गंगाधररावांना, गाडी काढावी लागे. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. एरवी दिवसभर पेपर वाचत बसलेला, पण त्या दिवशी तोंड असं करायचा की बायकोने त्याला काळ्या पाण्यावर धाडलंय.

यंदा तिला माती जास्तच चांगली हवी होती, कारण सून ऋता पोटुशी होती. गेल्या साली ऋताचं एक मूल पोटातच गेलं होतं. ह्या खेपेला सगळं नीट पार पडावं, एवढं एकच मागणं सुनीतीचं देवीपाशी होतं.

अभनपुर गाव मागे टाकून बरंच पुढे गेलं की रस्ता जंगलात शिरतो आणि एका अंगाला दरी उतरत जाते. गंगाधररावांनी गाडी सावलीत लावली आणि सीट मागे करून डोळे मिटले. कडेला एक म्हातारी सीताफळं विकत बसली होती. सुनीती पिशवी घेऊन उतरणीला लागली तशी ती म्हणाली, "ओती झन जाबे दाई. उहाँ गरुवा घलो नइ चरय."

तिकडे जाऊ नको, गुरंसुद्धा चरत नाहीत म्हणे. सुनीतीला हसू आलं. भूतबित असेल ह्यांच्या डोक्यात. देवीच्या कामाला निघालेल्या बाईचं भूत काय वाकडं करणार होतं?

खाली गच्च झाडीत एक मोकळी जागा होती. काळी, भुसभुशीत माती. ना मूळ, ना गवताचं पातं. मधूनमधून काचेसारखे चकाकणारे काळे गोटे पडलेले. चहूकडे रान माजलेलं आणि एवढाच तुकडा सारवल्यासारखा कोरा. देवीने आपल्यासाठीच राखून ठेवलाय, असं सुनीतीला अगदी मनापासून वाटलं. खुरप्याचं कामच पडलं नाही. हातानेच तिने पिशवी भरली.

घटापुरती माती घेऊन उरलेली फेकून दिली असती, तर ही गोष्ट सांगावीच लागली नसती. पण ऋताला डोहाळे लागले होते मातीचे.

सुनीतीने तिला भिंतीचा पोपडा खाताना पकडलं होतं. दुसरी सासू असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. पण सुनीतीने स्वतः मुलाच्या, शिशिरच्या वेळी चुलीची माती चोरून खाल्लेली. तिला सुनेचा रागच येईना. "डोहाळे मारू नाही," ती म्हणाली, "पण हे चुन्याचं काहून खाऊन राहिली? मी देते तुले चांगली माती." आणि जंगलातली ती माती तिने चाळली, तव्यावर भाजली, डब्यात भरली. डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं. डॉक्टर लोकांचं काय, ते सगळ्यालाच नको म्हणतात.

ऋताने चिमूट जिभेवर ठेवली. "आई, ये तो मीठी है!"

"जंगलातली आहे ना," सुनीती ऐटीत म्हणाली.

घट बसले. तिसऱ्या माळेला हिरवे कोंब दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत. पाचव्या माळेलाही नाहीत. काही दाणे फुगून कुजले, दोन-चार पिवळे कोंब वर आले आणि मान टाकून पडले. सुनीतीच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या शांताबाई आरतीला आल्या, घटाकडे पाहून "अरे रे" म्हणाल्या, आणि त्यांची नजर तिथून थेट ऋताच्या पोटावर गेली. घट घराचं भविष्य सांगतो, हे त्यांना तोंडाने म्हणायची गरजच नव्हती. सुनीती रात्रंदिवस तेच तर स्वतःला सांगत होती.

तिने पुन्हा गहू टाकला. पाणी घालायला ऋताला बसवलं, भरल्या कुशीची आहे, तिचा हात लागू दे म्हणून. दोन दिवसांनी पाहते तर तीच गत. जीव टांगणीला लागलेला माणूस काय बोलतो ह्याचं त्याला भान नसतं. सुनीतीच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या हातानं काही उगवतच नाही काय वो?"

ऋताने तांब्या खाली ठेवला आणि ती आत निघून गेली.

बोललेलं परत गिळता येत नाही. सुनीतीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण माफी मागायची सवय त्या घरात कोणालाच नव्हती. मग तिने तवा चढवला, पिशवीतली उरलीसुरली माती खरपूस भाजली आणि डबा काठोकाठ भरून सुनेसमोर ठेवला. ऋताने डोळे पुसले, डब्यात बोटं घातली. "आजकल पोट बहुत दुखून राहिलं आई," ती हळूच म्हणाली.

"गॅस असन," सुनीती म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

अष्टमीला सकाळीच तिने गंगाधररावांना उठवलं. आपण ती माती न विचारता उचलली, जागेचा मान ठेवला नाही, म्हणून देवी रुसली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्या जागेची ओटी भरायची, चुकलं म्हणायचं आणि नवी माती आणायची. खण, नारळ, तांदूळ असं सगळं ताटात होतं, म्हणून ह्या खेपेला गंगाधररावही धापा टाकत खाली उतरले.

नारळ पुरायला सुनीतीने खुरपं घातलं. पहिल्यांदाच ती खोल खणत होती. खुरप्याला काहीतरी लागलं. लाल प्लास्टिकचं एक झाकण. मग दुसरं. तिने ते पदराला पुसलं आणि ओळखलं. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी ती स्वतःच भरायची. अशीच लाल झाकणं ती स्वतःच्या हाताने फिरवून काढायची, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कशाला शिवायची नाही.

"अहो, हे पाहा बरं."

गंगाधररावांनी झाकण पाहिलं, मग एक काळा गोटा उचलून हातावर तोलला. तो दिसायचा त्याहून कितीतरी जड होता. त्यांचा चेहरा उतरला. "हा गोटा नाही. भट्टीतला मळ थिजलेला आहे हा. कोणी तरी इथं बॅटऱ्या फोडून शिसं गाळलं आहे, सुनीती. जहर आहे हे सारं."

ताट तिथेच राहिलं. चढण ती कशी चढली तिचं तिला कळलं नाही. वर म्हातारी आजही बसली होती. सुनीतीच्या हातातलं झाकण पाहून तिने मान हलवली. "हव दाई, भट्ठी रहिस. गरुवा मन मर गे, तहाँ बंद होइस. मैं तो कहे रहेंव."

भट्टी होती, गुरं मेली तेव्हा बंद पडली म्हणे. म्हातारीने आधीच सांगितलं होतं आणि सुनीतीने ते भुताच्या खात्यावर टाकलं होतं. घटानेही तिसऱ्या माळेपासून हेच सांगितलं होतं, ही माती जित्या जिवाला देऊ नको. तेही तिने सुनेच्या कुशीवर ढकललं. तिला स्वतःची किळस आली.

खाली फोन लागत नव्हता, इथे लागला.

"ऋता, त्या डब्याले हात नको लावू. ऐकून राहिली ना? डब्याले हात नको लावू."

"कौनसा, मातीचा?" ऋता हसली. त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच हसली. "वो तो खतम आई. आज सकाळीच पूरा संपवला. तुमचा राग गेला म्हणून मले इतकं चांगलं वाटलं ना..." आणि लाडात येऊन ती पुढे काही म्हणाली.

सुनीतीने फोन कानावरून खाली घेतला. गंगाधरराव विचारू लागले, "काय झालं? काय म्हणून राहिली पोट्टी?"

सुनीतीने त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून मागून राहिली," ती म्हणाली.