निंब तेवढा वाचला

भिलाईत संध्याकाळी आभाळ लाल झालं तर कोणी दचकत नाही. पोलादाच्या कारखान्यामागे वितळलेली स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, ओततात, तिचा उजेड सेक्टर दोनच्या क्वार्टरांवर पडतो, आणि आया कडेवरच्या लेकरांना तो चांदोबासारखा दाखवतात. त्या डिसेंबरात ताराने आपल्या चिमीला तसाच दाखवला होता. "पाय, स्लॅग ओतून राहिले," म्हणाली, आणि पोळपाटाकडे वळली. आभाळ त्या दिवशी कारखान्याच्या नव्हे, चौकाच्या बाजूला लाल होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ओळीतल्या कुणाच्याच आलं नाही. घराघरांत पोळ्या भाजल्या जात राहिल्या.

जळत होती ती मुनीरचाचा पिंजाऱ्याची झोपडी.

चौकातल्या निंबाखाली ताट्या आणि टिनाची ती झोपडी होती. थंडी पडली की सारा सेक्टर जुन्या गाद्या घेऊन तिथे जायचा आणि कापूस पिंजायच्या तारेचा टणत्कार क्वार्टरांपर्यंत ऐकू यायचा. चिमीच्या दुलईसाठी ताराने आईचं जुनं लुगडं आणि माहेरचा कापूस त्याच्याकडे दिला होता. लुगडं हातात घेऊन चाचा म्हणाला होता, "बेटी, नानी की गोद जैसी बनेगी." त्या आगीतून गिऱ्हाइकांचा कापूस बाहेर ओढता ओढता त्याचे दोन्ही हात जळाले. जावई येऊन त्याला आपल्या गावी, अहिवाऱ्याला घेऊन गेला. ते हात आता पिंजण धरणार नाहीत, असं कळलं.

देशभर काय काय पेटलं होतं ते रेडिओ सांगतच होता. इथेही तोंडाला रुमाल बांधलेली पोरं देवाच्या नावाने ओरडत आली होती म्हणे. ताराचा नवरा केवलराम कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवरची ड्युटी करून आला, चहाचा कप तसाच धरून बसला आणि म्हणाला की धरमाच्या नशेत माणूस आंधळा होते. ताराने ते मनाशी धरून ठेवलं. त्यात एक प्रकारचा आराम होता. आंधळ्याला काय विचारायचं?

वातावरण निवल्यावर ती दूध आणायला चौकात गेली. झोपडीच्या जागी काळा चौकोन उरला होता. कापसाची राख अजून पायाखालून उडत होती. निंबाच्या खालच्या फांद्या करपल्या होत्या, पण खोड जसंच्या तसं होतं. खोडाभोवती पोती गुंडाळून सुतळीने बांधली होती. वरून ती काळवंडली होती, आतून अजून ओलसर होती. त्यातल्या एका पोत्यावर निळ्या दोऱ्याने शिवलेलं ठिगळ होतं.

तो दोरा ताराचा होता. ठिगळही तिनेच लावलं होतं.

तिथेच तिला आगीच्या दिवशीची दुपार आठवली. दीर शामसुंदर आंगणातल्या नळाखाली पोती भिजवत होता. कशाला, विचारलं तर म्हणाला, मित्राच्या घरी लग्न आहे, बर्फाच्या लाद्या झाकायला. "एवढ्या थंडीत बर्फ? नवरीले पडसं होईन ना, भाऊजी," असं ती म्हणाली आणि दोघंही हसले होते. हाच शामसुंदर वर्षभर जेवताना एकच सांगायचा, की त्या निंबाच्या सावलीत शिफ्ट सुटलेला माणूस थांबतेच. पानठेला टाकला तर तिथेच टाकावा.

आंधळ्याला सावली दिसत नसते.

तेव्हापासून तिला चाचाच्या पिंजणाची तार ऐकू येऊ लागली. भांडं भांड्याला लागलं की टणत्कार व्हायचा. कपडे वाळत घालायच्या तारेवर कावळा बसला तरी व्हायचा. चिमीला थोपटताना हात मध्येच थांबायचा आणि ती दाराशी जाऊन उभी राहायची. चौकात तर कोणीच नसायचं.

पोत्यांचं तिने केवलरामला सांगितलं. त्याने आश्चर्य दाखवलं नाही, याचंच तिला भय वाटलं. तो आपले भाजलेले, निबर तळवे एकमेकांवर घासत राहिला. "लहाना भाऊ हाय माह्या. आता कुठं हाताले काम लागून राहिलं त्याच्या," तो म्हणाला. "तू बोलली त घर मोडते, तारा."

संक्रांत झाल्यावर निंबाखाली पानठेला उभा राहिला. देवाची तसबीर, झेंडूचा हार, आणि रुमाल काढलेली तीच पोरं. सासू सिंधुताईंनी ताट सजवलं. घरच्या सवाशिणीने ओवाळल्याशिवाय पहिलं पान लागणार नव्हतं. शामसुंदरने कुंकवासाठी मान खाली केली. ताराने ताट उचललं. कडेवरची चिमी दिव्याकडे हात करत होती.

"भाऊजी, पोती कावून भिजवली होती?"

त्याने मान वर केली नाही. "धरमाचं काम होतं, वहिनी. तुमाले नाई समजाचं."

"धरमाले सावली लागते का?"

सिंधुताई हळूच म्हणाल्या, "तारा, दिवा विझून राहिला."

ताराने ताट निंबाच्या बुंध्याशी ठेवलं आणि चिमीला घेऊन घरी आली. मागे सिंधुताईंनीच ओवाळलं असावं, कारण घंटी वाजलेली तिला रस्त्यात ऐकू आली.

ठेला चालतो. शिफ्ट सुटली की सावलीत माणसं थांबतात. शामसुंदर तिच्याशी बोलत नाही. केवलराम बोलतो, पण ताटाकडे बघून. ठेल्याच्या पैशातून घरात साखर येते आणि तारा बिनसाखरेचा चहा पिते. चिमी अजून जुन्या चादरीतच निजते. नवी दुलई शिवायला ताराने कुणाकडे दिलेली नाही.

संध्याकाळी आभाळ लाल होतं. चिमी आता बोलू लागली आहे. "स्लॅग, आई, स्लॅग!" म्हणत ती टाळ्या वाजवते. तारा कणकेचे हात तसेच घेऊन फाटकापर्यंत जाते. कुठली बाजू लाल आहे ते पाहिल्याशिवाय तिला हो म्हणवत नाही.