राजदूतवरचं जेट इंजिन

सत्यजित बापटने टर्बोचार्जरचा नट चुकीच्या दिशेने पिळला, त्या दुपारी मंजूषाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. त्या नटाचे आटे उलटे असतात, हे सत्यजितने तिला कितीदा तरी सांगितलेलं. तो स्वतः झोपेतही तो नट सोडवू शकला असता. त्या दिवशी मात्र त्याने पान्यावर सगळं वजन टाकलं आणि शाफ्टचं, म्हणजे आतल्या दांड्याचं, टोक कट्कन तुटलं. तुटका तुकडा त्याने हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "हे कुणी तोडलं?"

दमला असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

दोघंही भोपाळच्या मोठ्या कारखान्यात टर्बाइनच्या विभागात होते. तो मशीनवर, ती तपासणीत. नवी नवी असताना तिने त्याने घडवलेली पाती सरळ नापास केली होती. तो भांडायला आला, तिने मोजमाप दाखवलं, त्याने पाती परत नेली, आणि वर्षभरात त्यांचं लग्न झालं. नोकरीभर सत्यजितला एकच रुखरुख होती. त्यांनी बनवलेली टर्बाइनं लांबलचक ट्रेलरवर चढून रायसेन रोडने निघून जात, आणि कुठल्या तरी दूरच्या वीजकेंद्रात फिरत. "आपण बनवलेलं चालताना आपल्याला कधी ऐकायलाच मिळत नाही," तो म्हणायचा.

म्हणून निवृत्तीनंतर अवधपुरीच्या घरामागे पत्र्याची शेड घालून त्याने हे काम काढलं. कबाडखान्यातून एका जुन्या ट्रकचा टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं पंख्यांचं यंत्र, आणला. त्याला स्टीलचा जळणकक्ष जोडायचा, आत गॅस पेटवायचा, आणि मागच्या नळीतून सुटणाऱ्या गरम हवेच्या जोरावर मोटरसायकल पळवायची. मोटरसायकल घरचीच होती, लग्नानंतर घेतलेली राजदूत. तिचं मूळ इंजिन आणि चेन काढून टाकली. पाइप कापणं, वेल्डिंग करणं त्याच्याकडे. भोकांची मापं, चाकांचा तोल मंजूषाकडे. चहा शेडमध्येच व्हायचा. लोक हसायचे. शेजारचा रवींद्र तेवढा येऊन मन लावून बघायचा आणि "दादा, ये उडेगी क्या?" असं विचारून जायचा.

शाफ्ट तुटल्यावर दुसरा टर्बोचार्जर आला, पण सत्यजित पुन्हा पूर्वीसारखा कामाला लागला नाही. तो अवजारं पुसून ठेवायचा आणि पुन्हा पुसायला घ्यायचा. भाजी आणायला गेला आणि आनंद नगरात भलत्याच घराचं फाटक उघडत उभा राहिला. डॉक्टरांनी मेंदूची तपासणी करून सांगितलं, की विसरणं वाढत जाईल, परतीची आशा धरू नका. नागपूरहून मुलगी शमिका आली. बाबांना घेऊन माझ्याकडे चल, आणि ती शेड मोडून टाक, असं तिने आईला रडत रडत विनवलं. मंजूषा इंजिन पुरं झाल्याशिवाय हलायला तयार नव्हती. ते चालू झालं की त्या आवाजाने सत्यजितच्या आत काहीतरी जागं होईल, अशी तिची समजूत झाली होती. डॉक्टरांना तिने हे विचारलं नाही. ते नाही म्हणतील, हे तिला ठाऊक होतं.

वेल्डिंग ती साठी उलटल्यावर शिकली. हाताला चटके बसले. सत्यजित शेजारी स्टुलावर बसून असायचा. कधी तरी त्याचा हात आपोआप पुढे यायचा, ती त्यात पाना ठेवायची, आणि तो हात काही क्षण बरोबर चालायचा. अशा क्षणांवर तिने अख्खा हिवाळा काढला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने आणि रवींद्रने राजदूत कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानात ढकलत नेली आणि जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खांबाला साखळीने बांधली. सत्यजितला तिने स्वेटर घालून खुर्चीवर बसवलं. ब्लोअरने हवा सोडली, ठिणगी दिली, गॅसचा कॉक हळूहळू उघडला. आत धप्प झालं. टर्बोचार्जरचं चाक फिरू लागलं, आवाज चढत गेला, चढता चढता त्याची एक अखंड शिटी झाली. तिने ब्लोअर बाजूला काढला. इंजिन आता स्वतःच्या दमावर चालत होतं. साखळी ताणली गेली. रवींद्र नाचायलाच लागला.

मंजूषा हसत मागे वळली.

खुर्ची आडवी पडली होती. सत्यजित कुंपणाच्या भिंतीला चिकटून उकिडवा बसला होता, दोन्ही हात कानांवर, पायजमा ओला. तिने गॅस बंद केला. आवाज पुरता उतरायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ ती त्याला कवटाळून बसली. तो तिला दूर ढकलत होता.

शांत झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं. फार अदबीने म्हणाला, "बाई, मी तुम्हाला ओळखत नाही. पण मला घरी पोचवता का? माझी बायको वाट बघत असेल."

रवींद्रने तोंड फिरवलं.

"काय नाव त्यांचं?" मंजूषाने विचारलं.

"मंजूषा. कारखान्यात तिला विचारा. तिला सगळं कळतं."

"चला," ती म्हणाली. "मला घर माहीत आहे."

तिने त्याचे कपडे बदलले, वरण-भात कालवून दिला. तो जेवता जेवता दाराकडे बघत होता. त्या दिवसापासून तो तिला "तुम्ही" म्हणू लागला, आणि ते पुन्हा कधी बदललं नाही. संध्याकाळी तिने शमिकाला फोन करून सांगितलं, की आम्ही येतो.

निघायच्या आदल्या दिवशी तिने रवींद्रला सत्यजितपाशी बसवलं आणि राजदूत घेऊन एकटीच मैदानात गेली. या वेळी तिने साखळी बांधली नाही. राजदूत आधी रेंगाळली, मग कुणीतरी मागून ढकलावं तशी सुटली. साडीचा पदर कमरेला खोचून ती मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्या आवाजात ती "सत्या, सत्या" असं मोठमोठ्याने ओरडत रडली. आपला आवाज तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. टोकाला पोचून तिने गॅस बंद केला आणि गाडी ढकलत परत आणली. ती रवींद्रला देऊन टाकली.

घरी सत्यजित पोहे खात होता. तिचे लाल डोळे बघून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना. दमलात का?" मग जरा आवाज खाली आणून, खूश होऊन त्याने सांगितलं, "आम्ही दोघं एक इंजिन बनवतोय. मी आणि माझी बायको. झालं की तुम्हाला ऐकवू."

"ऐकवा," मंजूषा म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.